शाळेची माहिती वर जाते. वर्गात परत काय येतं?

बावन्न वजा सत्तावीस. तिसरीच्या वर्गात हे उदाहरण तोंडी सांगितलं आणि चार मुलांनी ते चार तऱ्हांनी सोडवलं, असं समजू. पहिलीनं ३५ लिहिलं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिनं सातातून दोन काढले आणि पाचातून दोन काढून तीन मांडले. दुसऱ्यानं ७९ लिहिलं. वजाबाकीच्या चिन्हाकडे न बघता त्यानं बेरीज केली. तिसरीचं उत्तर २५, म्हणजे बरोबर. पण ते काढायला तिनं पाटीवर बावन्न रेघा मारल्या, सत्तावीस खोडल्या आणि उरलेल्या मोजल्या. चौथ्यानं उदाहरणच २५ वजा ७२ असं उतरवून घेतलं, कारण बावन्न म्हणताना दोन आधी ऐकू येतात आणि सत्तावीस म्हणताना सात. ज्या क्रमानं ऐकलं त्या क्रमानं त्यानं अंक मांडले. गुणतक्त्यात याची नोंद होते ती एक बरोबर, तीन चूक एवढीच. चौघांना शिकवायला हवं ते मात्र वेगवेगळं आहे: एकीला हातच्याची वजाबाकी, दुसऱ्याला चिन्ह पाहण्याची सवय, तिसरीला दशकाचे गठ्ठे आणि चौथ्याला संख्यालेखन. जिच्या उत्तरापुढे बरोबरची खूण झाली तिचीही सुटका नाही, कारण तीन अंकी संख्या आल्या की रेघा मारून भागणार नाही.

अनुभवी शिक्षकाला हे ओळखणं कठीण नसतं. कठीण असतं ते रोज, प्रत्येक विषयात, प्रत्येक मुलाबाबत ओळखणं आणि दुसऱ्या दिवशी त्याप्रमाणे वेगवेगळं काम देणं. वाडीवस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन-दोन इयत्ता बसतात. एक शिक्षक प्रशिक्षणाला किंवा बैठकीला गेला की उरलेल्या एकावर चारही इयत्ता येतात. देशात एकशिक्षकी शाळाच एक लाखाहून अधिक आहेत. तंत्रज्ञानाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. कोणतं मूल नेमकं कुठे अडलं आहे हे शिक्षकाला वेळेवर कळावं आणि त्यावरचा सराव त्या मुलापुढे यावा, एवढं जरी साधलं तरी वर्ग बदलेल. पण गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या शाळांत जे तंत्रज्ञान आलं, त्याचा मोठा भाग उलट दिशेनं काम करतो. शाळेतली माहिती गोळा करून तो वर पाठवतो, आणि वरून वर्गात परत येतं ते फार थोडं. शिक्षणधोरणानं ही दिशा बदलायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. ती न बदलता उपकरणांवर कितीही खर्च केला तरी त्या चार मुलांतल्या एकाचीही अडचण सुटणार नाही.

उपकरण आणलं की शिक्षण सुधारेल ही आशा काही आजची नाही. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या प्रयोगात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत दूरचित्रवाणी पोचली. १९८४ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. पुण्यात बालचित्रवाणी उभी राहिली, तिनं मराठी मुलांसाठी कार्यक्रम केले आणि अखेर ती बंदही झाली. २००४ मध्ये खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ सोडला गेला, २०११ मध्ये ‘आकाश’ टॅब्लेटचा गाजावाजा झाला. यातल्या प्रत्येक प्रयत्नामागे तळमळीची माणसं होती, हे विसरता येत नाही. पण उपकरण हाती देणं एवढाच कार्यक्रम असेल तर काय होतं, याची सर्वांत स्पष्ट परीक्षा पेरू देशात झाली. तिथल्या सरकारनं लाखो मुलांना स्वस्त लॅपटॉप दिले. ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा पद्धतशीर अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलं संगणक सराईतपणे वापरू लागली होती. गणितात आणि भाषेत मात्र लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांत फरक आढळला नाही. लॅपटॉप आले, पण शिक्षकाच्या कामाची रीत आणि तासाची आखणी होती तशीच राहिली होती.

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांची गोष्ट याहून उजळ आहे आणि ती आदरानं सांगायला हवी. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची शाळा डिजिटल झाली तेव्हा राज्यभरातले शिक्षक ती पाहायला गेले. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासननिर्णयानंतर गावोगाव लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, एलईडी संच, टॅब्लेट आले. ज्या गावांत शाळेचं वीजबिल भरायला तरतूद नव्हती तिथे ग्रामस्थांनी पैसे उभे केले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत ते आले, ‘दीक्षा’ या राष्ट्रीय व्यासपीठामुळे देशभर पसरले आणि २०२० मध्ये डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. या लाटेनं सरकारी शाळेची पत वाढवली आणि शिक्षकांना आपण काही नवं घडवू शकतो हा विश्वास दिला. तरीही एक मर्यादा मान्य करावी लागते. भिंतीवरच्या पडद्यावर जे दिसतं ते सगळ्या वर्गाला एकच दिसतं. कोड स्कॅन केल्यावर उघडणारा धडाही त्याच इयत्तेचा, त्याच पानाचा असतो. ज्या मुलाला अजून अक्षरं जोडून वाचता येत नाहीत, त्याच्यापुढे पाचवीचा पाठ कागदाऐवजी चित्रफितीत आला एवढंच घडतं.

आता माहिती वर नेणाऱ्या तंत्रज्ञानाकडे वळू. शाळेच्या खोल्या, स्वच्छतागृहं, शिक्षक आणि विद्यार्थी यांची नोंद यू-डायसवर. प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती २०१५ पासून ‘सरल’वर. पगार ‘शालार्थ’मधून. पोषण आहारात आज किती मुलं जेवली याचा आकडा वेगळ्या अॅपवर, हजेरी आणखी वेगळीकडे, चाचण्यांचे गुण तिसरीकडे. आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव एका वेलांटीनं जुळलं नाही तर मूल वैध धरलं जात नाही, आणि वैध मुलांच्या संख्येवर संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची पदं ठरतात. साहजिकच मुख्याध्यापकाचं सगळं लक्ष त्या वेलांटीकडे लागतं. ‘सरल’ सुरू झालं त्या वर्षी दिवसा सर्व्हर चालत नाही म्हणून शिक्षक रात्री जागून माहिती भरत होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं शिक्षकांना जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक वगळता अशैक्षणिक काम देऊ नये असं म्हटलं आहे. पोर्टलवर माहिती भरणं त्या अपवादांत नाही, तरी ते शाळेच्या दिवसात असं मुरलंय की त्याला आता कुणी वेगळं काम म्हणतही नाही.

सरकारला आकडे लागतातच, त्याशिवाय नियोजन कसं करणार, हा आक्षेप रास्त आहे. महाराष्ट्राला त्याचं कारणही चांगलं ठाऊक आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली आणि हजेरीपटावर नाव असलेली लाखो मुलं वर्गात सापडली नाहीत. त्या नावांवर तुकड्या, पदं आणि अनुदान मिळत होतं. प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद ठेवण्याची गरज तिथून पुढे आली आणि ती खरीच होती. देशातल्या किती शाळांत इंटरनेट आहे हेही यू-डायसमुळेच कळतं. २०२३-२४ मध्ये ते प्रमाण ५३.९ टक्के होतं. माझी तक्रार आकडे गोळा करण्याबद्दल नाही. एकच माहिती चार ठिकाणी भरायला लावण्याबद्दल आहे. त्याहून अधिक ती या गोष्टीबद्दल आहे की मूल आहे का, जेवलं का, त्याचं आधार जुळलं का, हे सगळं या यंत्रणेला माहीत असतं, पण ते वाचू शकतं का हे विचारायला ती शेवटी येते, आणि उत्तर मिळालं तरी ते वर्गशिक्षकाच्या कामाच्या रूपात परत पाठवत नाही.

वर्गाच्या दिशेनं वापरलेल्या तंत्रज्ञानाचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. २००० मध्ये गुजरात सरकारनं वडोदऱ्यातल्या शंभर महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. त्यातले फारच थोडे वापरात होते. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेनं याच संगणकांवर चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ बसवले. एका संगणकापुढे दोन मुलं, आठवड्यातून दोन तास, आणि मुलाला जमेल तशी वाढणारी काठिण्यपातळी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात या मुलांची गणितातली प्रगती ठळकपणे दिसून आली. संगणक तेच होते. बदलला होता तो त्यांचा वापर. या अभ्यासाचा दुसरा भाग मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. मुंबई आणि वडोदरा इथे मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक तरुणी, ‘बालसखी’, रोज दोनेक तास वेगळं बसवून शिकवत असे. त्याचाही चांगला परिणाम झाला आणि खर्च संगणकांपेक्षा कितीतरी कमी आला. शिवाय वर्षभरानंतर पाहिलं तेव्हा संगणकामुळे झालेला फायदा बराच ओसरला होता. गुजरातमधल्याच ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांत झालेला प्रयोग आणखी सावध करतो. नेहमीच्या शिकवण्याऐवजी मुलांना संगणकावर बसवलं तेव्हा त्यांचं नुकसान झालं. तेच सॉफ्टवेअर शाळेच्या वेळेव्यतिरिक्त, जोड म्हणून वापरलं तेव्हा फायदा झाला. म्हणजे चांगल्या शिक्षकाचा तास काढून यंत्राला देणं हा तोट्याचा सौदा आहे.

दिल्लीतला २०१५ चा ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय सराव-प्रणालीचा प्रयोग याच धाग्यातला. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंह आणि अलेहांद्रो गानिमियन यांनी ६१९ मुलांचा अभ्यास केला. बहुतेक मुलं सरकारी शाळांच्या उच्च प्राथमिक वर्गांतली होती आणि अभ्यासातल्या निम्म्या मुलांना सोडतीनं माइंडस्पार्कच्या केंद्रात मोफत प्रवेश मिळाला. तिथे पाऊण तास संगणकावर आणि पाऊण तास शिक्षकाबरोबर छोट्या गटात, असा क्रम होता. प्रोग्राम प्रत्येक मुलाची चूक पाहून पुढचा प्रश्न ठरवत असे. पहिल्याच चाचणीत दिसलं की सहावीतलं मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे आहे. साडेचार महिन्यांत केंद्रातल्या मुलांची गणितातली प्रगती बाहेर राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक झाली. पण त्यांच्या शाळेच्या गणिताच्या परीक्षेत हा फरक उमटला नाही. परीक्षा त्यांच्या इयत्तेच्या अभ्यासक्रमावर होती, आणि मुलं पुढे सरकली होती ती त्याखालच्या पातळीवर. मूल खरोखर पुढे सरकलं, आणि शाळेचा कागद म्हणाला की काहीच घडलं नाही. शिक्षणधोरण आखणाऱ्या प्रत्येकानं या एका निष्कर्षापाशी थांबायला हवं, कारण आपली सगळी माहिती-यंत्रणा अशाच कागदांवर उभी आहे.

इथे एक प्रश्न हमखास येतो: यातलं यश यंत्राचं की मुलाच्या पातळीवरून शिकवण्याचं? पुरावा दुसऱ्या बाजूला झुकतो. ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून गावोगाव जाऊन मुलांना अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट वाचायला देतं. एका मुलाला काही मिनिटं पुरतात आणि साधन म्हणजे एक छापील कागद. २०२४ च्या सर्वेक्षणात देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीची २३.४ टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. २०२२ मध्ये हेच प्रमाण १६.३ टक्के होतं. याच कागदाच्या आधारे हरियाणात शाळेच्या दिवसातला एक तास राखून, इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे मुलांचे गट केले, तेव्हा भाषा सुधारली. उत्तर प्रदेशात काही दिवसांच्या सलग वर्गांतून तर फार मोठी झेप दिसली. उत्तराखंडात मात्र शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य देऊन नेहमीच्या वेळापत्रकातच ते वापरायला सांगितलं, आणि फरक पडला नाही. तेव्हा तंत्रज्ञानाकडून मागायचं ते एवढंच: पातळी ओळखण्याचं, गट करण्याचं आणि सरावाचं काम हलकं करावं. त्याला वेळ आणि मोकळीक धोरणानंच द्यायची असते.

देखरेखीच्या बाजूनं बोलणारे राजस्थानातलं एक उदाहरण देतात, आणि ते वजनदार आहे. उदयपूर भागात ‘सेवा मंदिर’ या संस्थेच्या एकशिक्षकी शाळांमध्ये शिक्षकांना तारीख-वेळ छापणारा कॅमेरा दिला, शाळा सुरू होताना आणि सुटताना मुलांसह फोटो काढायचा आणि हजर दिवसांप्रमाणे मानधन घ्यायचं. शिक्षकांची अनुपस्थिती ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली आणि मुलांचं शिकणंही सुधारलं. म्हणजे वर पाठवलेल्या माहितीचाही उपयोग होतो, हे मान्यच करायला हवं. पण त्याच परिसरात सरकारी परिचारिकांवर वेळ नोंदवणाऱ्या यंत्रांची योजना लागू झाली तेव्हा सुरुवातीला उपस्थिती वाढली आणि दीडेक वर्षात योजना निष्प्रभ झाली, कारण ‘सूट मिळालेले दिवस’ वाढत गेले. यंत्र खरं सांगत होतं. त्यावर कृती करण्याची व्यवस्थेची तयारी नव्हती. आपल्या जिल्हा परिषद शाळांचा मुख्य प्रश्न गैरहजेरीचा असता तर कॅमेऱ्याला पहिलं स्थान देता आलं असतं. इथे शिक्षक वर्गात आहे, मूल वर्गात आहे, आणि तरी पाचवीतल्या अनेक मुलांना वाचता येत नाही. हजेरीचं कितीही अचूक छायाचित्र या प्रश्नाला हात घालत नाही.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच आहे. माहिती शिक्षकाकडे परत पाठवून पाहिलेली आहे आणि तिचा उपयोग झालेला नाही. आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण शाळांत शिक्षकांना प्रत्येक मुलाच्या चुकांचा सविस्तर लेखी अहवाल दिला गेला. निरीक्षक वर्गात असताना शिक्षक अधिक मेहनत घेताना दिसले, पण वर्षअखेरीस मुलांच्या गुणांत फरक नव्हता. मध्य प्रदेशात शाळांचं तपशीलवार मूल्यमापन करून सुधारणेचे आराखडे तयार झाले. ते कागदावर उत्तम होते, आणि वर्गात शिकवणं बदललं नाही. या निकालांवरून काहीजण म्हणतील की शिक्षकाला माहिती देणंच व्यर्थ आहे. मी त्यातून वेगळं वाचतो. आंध्रातल्या शिक्षकाला चूक कळली, पण अभ्यासक्रम पूर्ण करण्याचं बंधन जसंच्या तसं होतं; मागं जाऊन तिसरीची वजाबाकी शिकवायला त्याला तास दिला नव्हता, त्यावर हाती द्यायला सराव नव्हता. मध्य प्रदेशातला आराखडा वरून आलेल्या नमुन्याप्रमाणे भरून पुन्हा वर जाण्यासाठीच लिहिला गेला. नुसता अहवाल म्हणजे औषधाविना निदान. माहितीबरोबर राखीव तास, त्या पातळीचं साहित्य, आणि इयत्तेचा पाठ बाजूला ठेवण्याची लेखी परवानगी या तिन्ही गोष्टी खाली आल्या तरच ती उपयोगी पडते, आणि हरियाणात नेमकं हेच केलं गेलं होतं.

करोनाच्या काळानं साध्या साधनांची ताकद दाखवली. महाराष्ट्रात २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आली, शिक्षकांनी व्हॉट्सअॅपवर अभ्यास पाठवला, आणि कोकणात-गोव्यात मुलं नेटवर्कसाठी टेकड्या चढली. त्याच सुमारास आफ्रिकेतल्या बोट्सवाना देशात साडेचार हजार कुटुंबांबरोबर एक प्रयोग झाला. काही पालकांच्या साध्या फोनवर आठवड्याला गणिताचा एक संदेश गेला, आणि काहींना संदेशाबरोबर वीसेक मिनिटांचा फोन आला. फोनवरचा शिक्षक मूल कोणत्या क्रियेत अडलंय हे विचारून त्याच पातळीचं उदाहरण देत असे. नुसत्या संदेशानं शिकणं सुधारलं नाही. संदेश आणि फोन मिळून ते सुधारलं. पुढे भारतासह आणखी पाच देशांत ही पद्धत वापरली गेली. स्मार्टफोन घरात असणं आणि त्यावर शिकणं यात किती अंतर आहे हे ‘असर २०२४’नंही दाखवलं आहे. १४ ते १६ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे, मूल मोठ्यानं वाचेल आणि यंत्र ऐकून चूक सांगेल, मग शिक्षकाकडे माहिती परत जाण्याची गरजच काय, असं विचारलं जातं. हे तंत्र उपयोगी ठरू शकतं. एका शिक्षकाला तीस मुलांचं वाचन आठवड्यातून एकदा ऐकणंही जड जातं. पण यंत्राला कोणती मराठी ऐकण्याची सवय आहे, हे आधी तपासायला हवं. नंदुरबारमधलं भिली किंवा पावरी बोलणारं मूल, मेळघाटातलं कोरकू मूल, गडचिरोलीतलं गोंडी मूल ‘ळ’ आणि ‘ण’चा उच्चार वेगळा करेल, त्याला वाचनदोष ठरवणारं यंत्र त्या मुलाला रोज सांगत राहील की तू चुकतोस. परक्या भाषेतून जशीच्या तशी आणलेली गणिताची प्रणाली पंचवीस आणि बावन्न यांची मराठी मुलाकडून होणारी अदलाबदल ओळखणार नाही. ही पारख स्थानिक शिक्षकच करू शकतो. शिवाय माइंडस्पार्कच्या केंद्रातसुद्धा निम्मा वेळ माणसाचा होता, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. ‘युनेस्को’च्या २०२३ च्या जागतिक अहवालाचा सूरही हाच आहे: शिक्षणतंत्रज्ञानाच्या परिणामाचा निःपक्ष पुरावा फार थोडा आहे आणि उत्पादनं मात्र भराभर बदलतात. म्हणून अशी कोणतीही प्रणाली आधी थोड्या शाळांत, सोडतीनं निवडून, वर्षभर तपासावी, निकाल प्रसिद्ध करावा आणि मगच राज्यभराची निविदा काढावी.

गुणांच्या खरेपणाचा प्रश्नही याच दिशेच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. चाचणीचे गुण वर जाऊन शाळेची, केंद्राची, जिल्ह्याची क्रमवारी लागणार असेल तर ते फुगतात. मध्य प्रदेशात सरकारी चाचणीत दिसलेली पातळी आणि त्याच मुलांची स्वतंत्रपणे घेतलेली चाचणी यांत मोठी तफावत आढळली. आंध्रात कागदाऐवजी टॅब्लेटवर चाचणी घेतली तेव्हा ही फुगवटेगिरी बरीच कमी झाली. हा तंत्रज्ञानाचा अगदी योग्य वापर आहे. महाराष्ट्रातल्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांनाही हे लागू करता येईल. मात्र नमुन्यादाखल काही शाळांची अशी स्वतंत्र चाचणी घेऊन राज्याचं चित्र समजून घ्यावं, आणि प्रत्येक शाळेतली चाचणी शिक्षकाच्या कामासाठी राखावी. दोन्ही हेतू एकाच चाचणीवर लादले की शिक्षक चूक लपवू लागतो, आणि चूकच तर त्याला दिसायला हवी.

‘निपुण भारत’ या राष्ट्रीय मोहिमेनं २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता आणि मूलभूत गणित करता यावं असं ध्येय ठेवलं आहे. त्यासाठी लागणारा माणूस आपल्या रचनेत आधीच आहे: केंद्रप्रमुख. आसपासच्या शाळांना भेट देणं, शिक्षकाशेजारी बसून मुलांचं वाचन ऐकणं, शिक्षण परिषदेत अडचणींवर बोलणं हे त्याचं काम. ही पदं वर्षानुवर्षं मोठ्या संख्येनं रिक्त राहिली आणि भरलेली माणसं माहिती गोळा करून पुढे पाठवण्यात गुंतली. त्यांना या कामातून सोडवणं ही कोणत्याही अॅपच्या खरेदीपेक्षा मोठी सुधारणा ठरेल. एकदा भरलेली माहिती दुसऱ्या कोणत्याही पोर्टलनं पुन्हा मागू नये, असा नियम त्यासाठी पुरे आहे. आणि मुलांची माहिती सांभाळण्याची जबाबदारीही आता कायद्याची आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि पालकांची संमती बंधनकारक केली आहे. शाळेत येणाऱ्या खाजगी अॅपना हे लागू करताना कुचराई नको.

माहिती कुणाच्या उपयोगाची हे सर्वांत लख्ख कळतं ते ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या बाबतीत. दिवाळीच्या आसपास बीडमधून निघालेलं मूल पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्याच्या परिसरात जातं आणि हंगाम संपल्यावर परततं. जाताना त्याच्याबरोबर शिक्षण हमी पत्रक द्यावं अशी राज्यात व्यवस्था आहे, पण कागद पाचटाच्या झोपडीत टिकत नाही, आणि टिकला तरी नव्या शाळेपर्यंत पोचतोच असं नाही. ‘सरल’मध्ये या मुलाचा क्रमांक आहे, आधार आहे, जन्मतारीख आहे. त्याच नोंदीत ते शब्द वाचतं की परिच्छेद, हातच्याची वजाबाकी येते की नाही, एवढ्या दोन ओळी जोडल्या आणि हंगामी शाळेतल्या शिक्षकाला पहिल्या दिवशी फोनवर त्या दिसल्या, तर त्याला दोन आठवडे अंदाज घ्यावा लागणार नाही. एप्रिलमध्ये मूल गावी परतलं की त्याच्या मूळ शिक्षकाला मधल्या महिन्यांत काय शिकून झालं ते कळेल. यासाठी नवं उपकरण लागत नाही, फारशी रक्कमही लागत नाही. त्या नोंदीत दोन रकाने वाढवणं आणि ते पाहण्याचा अधिकार तालुका कार्यालयाआधी वर्गशिक्षकाला देणं, हे एका शासननिर्णयाचं काम आहे.